चौथी जोडी

"चाल चाल बोटा, लवेच्या वाटेनं,
मागं नको वळू कुणाच्या हाकेनं…"

ताईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि माझ्या हातात आईचा डबा होता. फितींच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला तपासणीची खोली होती, आणि तिची खिडकी माझ्या डोक्याहून उंच. त्यामुळे आधी गाणं ऐकू यायचं आणि टाचा उंचावल्या की मग बायका दिसायच्या. लांबलचक टेबलाच्या कडेने चौघी सावकाश चाललेल्या, एकीमागे एक, प्रत्येकीच्या उजव्या हाताचं एकच बोट फितीवर टेकलेलं. सगळ्यात पुढे आई, मग ताई, मग शिंकरी, शेवटी लांबोडी.

मखमलीच्या धुळीने सारख्या शिंका यायच्या म्हणून ती शिंकरी. लांबोडी नुसतीच लांब होती. दोन्ही नावं ताईने ठेवलेली. नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मला ती पुस्तक्या म्हणायची. पुढे तिलाच एक नाव पडलं, आणि ते माझ्यामुळे पडलं. ती गोष्ट मी आजवर कुणाला पुरी सांगितलेली नाही.

कारखान्यात मखमली फीत निघायची. काळ्यावर काळी नक्षी, डोळ्याला दिसायची नाही, बोटाला लागायची. नक्षी म्हणजे ठिपक्यांची रांग, काही ठिपके उंच, काही सपाट. चारशे ठिपक्यांचा एक खण, दोन खणांमध्ये एक आडवा पट्टा. पहिला खण शेवटच्यासारखा हवा, दुसरा शेवटून दुसऱ्यासारखा, असं आत आत येत मधल्या दोघांपर्यंत. शिंपी लोक फीत दोन्ही टोकांकडून एकेक खण कापत जायचे आणि कोटाच्या दोन बाजूंना समोरासमोर लावायचे. ठिपका चुकला की त्या दोन बाजू एकमेकींना वेडावून दाखवायच्या.

मखमलीला लव असते आणि लवेला एकच दिशा. बोट उलटं फिरलं की लव मोडते, तिथे कायमचा डाग पडतो. म्हणून खोलीचा पहिला नियम असा, की बोट पुढेच जाणार, आणि फीत संपेपर्यंत ते उचलायचंही नाही, उचलून पुन्हा टेकलं की ठसा उमटतो. फीत टेबलावर चढायची तीही एकदाच. पुन्हा हात फिरला की लव बसते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. कागद, पेन्सिल, खडू आत आणायचे नाहीत, मखमलीवर उठलेली रेघ जात नाही. म्हणजे लक्षात ठेवायचं ते डोक्यात, आणि चारशे ठिपके डोक्यात ठेवणारं डोकं कुणाच्या आईने जन्माला घातलंय?

त्यावर उपाय एकच. एक बाई या खणावर बोट ठेवायची, दुसरी त्याच्या जोडीच्या खणावर, आणि दोघी एका ठेक्यात बोट सरकवत एकदम म्हणायच्या, "उंच, सपाट, सपाट, उंच…" दोघींच्या तोंडून आवाज एकच निघाला की जुळलं. आवाज फाटला की चूक. लक्षात काहीच ठेवायला लागायचं नाही. एका खणावरून दुसऱ्या खणावर जाताना मात्र गप्प चालायचा कंटाळा यायचा, तेवढ्यासाठी ताईचं गाणं.

मी एकवीस वर्षांचा झालो त्या वर्षी आईची बोटं मेली. गरम पातेल्याचा काठ धरला तरी तिला कळेना. मालकांनी तिला घरी बसवलं आणि तिच्या जागी कुणी घेतलं नाही. म्हणाले, "तिघींत चालतंय की."

आणि चालायचं. तेव्हा फीत सहा खणांची होती. ताईने तिघींची चाल बसवली. पुढची बाई पाचव्या खणावर, मधली दुसऱ्यावर. ती जोडी जुळवायची. मग पुढची सहाव्यावर जायची, तिथे मागची पहिल्या खणावर वाट बघत उभी असायची. ती जोडी जुळवायची. पुढचीचं काम संपलं. मग मधली चौथ्यावर, मागची तिसऱ्यावर. झाल्या तिन्ही जोड्या. तिघी अशा सहज फिरायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, लहानपणापासून एकाच अंगणात खेळल्यात.

मग आठ खणांच्या फितीची मोठी मागणी आली. आठ खण, चार जोड्या. ताईने पहिल्याच दिवशी मालकांना सांगितलं, "चौथी बाई लागेल."

मालक कधी आवाज चढवायचे नाहीत. हसून म्हणाले, "एक खण इकडे वाढला, एक तिकडे. एवढ्यासाठी अख्खी बाई?"

त्या संध्याकाळी ताईने जुन्या परकराची नाडी ओढून काढली, तिला गाठी मारून आठ खण पाडले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ती लांब ताणून ठेवली. डब्यातून तीन बटणं घेतली. एक पांढरं, एक काळं, एक माझ्या शर्टाचं.

"ये इकडं पुस्तक्या. कॉलेजात शिकतोस ना गणित? मग हे बघ."

"मला उद्या परीक्षा आहे, ताई."

"परीक्षा कुठं पळून जात नाही. बस." तिने पांढरं बटण दुसऱ्या खणावर ठेवलं आणि काळं सातव्यावर. "ही मी आणि ही शिंकरी. आमची ही जोडी जुळवून झाली. आता आम्हा दोघींनाच आतली जोडी जुळवायची म्हटली, तिसरा आणि सहावा. मी पुढं सरकेन तिसऱ्यावर. शिंकरी?"

"तिला सातव्यावरून सहाव्यावर यावं लागेल."

"म्हणजे मागं. मोडली लव. बरं, बाहेरची जुळवू, पहिला आणि आठवा. शिंकरी जाईल पुढं आठव्यावर. मग मी?"

"तुला मागे यावं लागेल."

"बघ! दोघींची गाठ एकदाच पडते रे. एकदा पडली की त्या दोघी कितीही चालल्या तरी दुसऱ्या जोडीवर समोरासमोर येत नाहीत. आता तिघींत गाठी किती? मी आणि शिंकरी. मी आणि लांबोडी. शिंकरी आणि लांबोडी. तीन. संपल्या. चौथी कुठून आणू? माहेराहून?"

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "माझ्या वेळी असं कधी झालं नाही बाई."

"तुझ्या वेळी तू होतीस ना," ताई म्हणाली.

आई जराशी लाजली. तिला ते कौतुक वाटलं. ताई हिशेब सांगत होती. चौघी असल्या की गाठी सहा होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत, मी ती नाडी आणि बटणं घेऊन बसलो. खरं सांगायचं तर ताईचं म्हणणं मोडायला बसलो. सातवीत शाळा सोडलेल्या बहिणीने फरशीवर बसून जे सांगितलं ते मला, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, सुचलं नाही, हे मला बोचत होतं. मी म्हटलं, एखादा खण अर्धा हिच्याबरोबर जुळवू, अर्धा तिच्याबरोबर. पण अर्ध्यासाठीही त्या दोघींची एकुलती एक गाठ खर्च होत होती. म्हटलं, बायकांचा क्रम बदलू, एकीला थांबवू, दुसरीला पुढे धाडू. काहीही केलं तरी गाठी तीनच, आणि एक जोडी अशी उरायची, की तिच्या दोन खणांवर कधीच एका वेळी दोन बोटं नसायची. ती जोडी मग डोक्याच्या भरवशावर. आणि डोकं केवढंसं! चुलीवरचं पाणी उकळून अर्धं झालं तेव्हा मी उठलो. मला समजलं होतं. ताईचं खरं होतं, आणि तेही नुसतं आजच्या फितीपुरतं किंवा या तिघींपुरतं नाही. कुठल्याही तिघींना ते कधीच जमणार नव्हतं.

हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आलो, की तेव्हा माझ्याकडे पुरावा कुठे होता. होता. पाणी अर्धं होईपर्यंत पुरा झाला होता.

ताई तोवर कामाला गेली होती. म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी राहिलं.

तिघींनी आठ खणांची फीत केली. तीन जोड्या बोटांनी जुळवल्या. चौथी ताईने आपल्या अंगावर घेतली. पहिल्या खणाचे ठिपके ती तोंडात घोळवत टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची. बाकीच्या दोघींनी तेव्हा श्वाससुद्धा हळू घ्यायचा असा दंडक होता. शिंकरी नाकाला पदर लावून उभी. पंधरा दिवसांनी चाळीस रिळं परत आली. सगळी चौथ्या जोडीत चुकलेली.

मालकांनी तिघींना आपल्या खोलीत बोलावलं. ताईने नाडी-बटणं काढली नाहीत, पण तेच सांगितलं. गाठी तीन, जोड्या चार. मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझा भाऊ गणित शिकतो ना? त्यालाच विचारू. तो म्हणेल ते मला मान्य."

ताईचा चेहरा उजळला. शिंकरी मला बोलवायला धावत आली. वाटेत म्हणाली, "चल रे लवकर. आज तुझ्या पुस्तकांचं चीज होऊ दे."

मी आत गेलो तेव्हा मालकांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली एक पत्र होतं. टाईप केलेलं, सहीची जागा कोरी. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात मला जायचं होतं आणि तिथल्या कुणा मोठ्या माणसाला द्यायला मालकांनी माझ्यासाठी शिफारस लिहून ठेवली होती. माझं नाव मला उलट्या बाजूनेही वाचता आलं.

"तर बघ," मालक म्हणाले, "तू शिकलेला मुलगा. तिघीजणींना चार जोड्या जुळवता येतात की नाही? तुझी बहीण म्हणते, येतच नाहीत. अशक्य आहे म्हणते."

'अशक्य' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू तो एखाद्या बाईच्या तोंडी शोभत नाही. खोलीत त्यांचा हिशेबनीस होता, तो हसला. मला ते हसू अजून आठवतं. मी जर म्हटलं असतं की हो, अशक्य आहे, तर त्यांनी विचारलं असतं, कशावरून? आणि मला त्या सागवानी टेबलावर परकराची नाडी पसरावी लागली असती. मला तिची लाज वाटली. नाडीची वाटली, बटणांची वाटली, आणि मखमलीच्या काळ्या धुळीने माखलेल्या तीन बायकांमधली एक माझी बहीण होती, तिची वाटली.

मी म्हणालो, "नीट लक्ष देऊन केलं तर तिघींत व्हायला हवं."

एवढंच. सात-आठ शब्द.

ताई माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी पुढे आणखी काही बोलेन, 'पण' म्हणेन, असं तिला वाटत असावं. मी म्हटलं नाही. मग ती म्हणाली, "बरं." तपासणीच्या खोलीत गेली, बोटं कोरडी ठेवायला लागणारा आपला पावडरीचा डबा घेतला आणि घरी निघून गेली. मालकांनी पत्रावर सही केली. शाई वाळावी म्हणून त्यावर फुंकर घातली आणि मला दिलं.

त्या पत्रावर मी गेलो. ताई इस्त्रीच्या दुकानात लागली. मखमलीवर चालणारं बोट तिने तापलेल्या लोखंडाशी बांधलं, ते पुढची तीस वर्षं. वस्तीत तिचं नाव पडलं, चौथी जोडी. कुणी आमटीत दोनदा मीठ घातलं, कुणी किल्ली आत ठेवून कुलूप लावलं, की बायका म्हणायच्या, "झाली का चौथी जोडी?" ज्या पोरांनी फीत कधी बघितलीही नव्हती तीसुद्धा म्हणायची. ताई स्वतःही हसून म्हणायची. इस्त्रीने एखादी कॉलर पिवळी पडली की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत, "घ्या, चौथी जोडी आली तुमच्या वाट्याला." आई गेली ती आपल्या लेकीचं लक्ष नसतं, हेच मनात घेऊन.

विद्यापीठात दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात मला एक जुनं नियतकालिक सापडलं. त्यात एका यंत्राबद्दल लिहिलं होतं. यंत्र खरं नव्हे, कागदावरचं. त्याला थोडीशीच स्मृती असते, बोटावर मोजता येईल इतकी, आणि लिहायला काही नसतं. समोर एक लांब पट्टी, तिच्यावर अक्षरं, आणि ती वाचायला काही मुंड्या. मुंड्या पुढेच सरकतात. प्रश्न असा, की मुंडी एकाने वाढवली तर यंत्राची ताकद वाढते का? की हुशारीने चालवलं तर कमी मुंड्यांतही तेच काम होतं? लेखात उत्तर होतं आणि सिद्धताही. ताकद वाढते, दर मुंडीला वाढते. दोन मुंड्यांना जे कधीच जमणार नाही ते तीन करतात, तिघींना जमणार नाही ते चार. आणि ते दाखवायला घेतलेलं उदाहरण होतं, पहिला तुकडा शेवटच्यासारखा, दुसरा शेवटून दुसऱ्यासारखा. पाचव्या ओळीला मला आमच्या स्वयंपाकघराची फरशी दिसायला लागली. दूरच्या देशातल्या, मोठ्या डोक्याच्या माणसांनी चार पानांत जे मांडलं होतं, ते ताईने तीन बटणांत मांडलं होतं.

त्या दिवशी तिला पत्र लिहायला हवं होतं. मी पाकीट आणलं, पत्ताही लिहिला. आत काय लिहू? 'तुझं खरं होतं' असं लिहिलं, की पुढची ओळ आपोआप येत होती. ती लिहायची नव्हती म्हणून पहिलीही लिहिली नाही.

मी त्याच विषयात शिकलो, त्यावरच पुढे पोट भरलं. एकोणचाळीस वर्षं मी मुलांना मुंड्या शिकवल्या. 'मुंड्या' म्हटलं की मुलं हसतात, म्हणून मी बोटं म्हणायचो. फळ्यावर फीत काढायचो आणि सिद्धतेच्या ऐन मोक्याला, आवाज खाली आणून म्हणायचो, "दोघींची गाठ एकदाच पडते." मुलं वहीत ते अधोरेखित करायची. सरांचं वाक्य म्हणून ते पुढच्या वर्गाला आधीच पोचलेलं असायचं.

मी निवृत्त होण्याच्या आठवड्यात विभागाने माझा शेवटचा तास सगळ्यांसाठी खुला ठेवला. घरच्यांनाही बोलवा म्हणाले. मी ताईला फोन केला तेव्हा मनात म्हणत होतो, नाही म्हण. ती म्हणाली, "येते की. एकटी नाही येत, शिंकरीला आणते. लांबोडी असती तर तीही आली असती, तिला शेवटच्या बाकावरूनही दिसलं असतं."

दोघी आल्या. ताई अडुसष्ट वर्षांची, पाठीला बाक आलेली. शिंकरी बाकावर बसताना सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाकं अरुंद केलीत, की मीच वाढले?" मुलं खूश झाली.

मी रात्रभर दुसरा विषय तयार केला होता. सोपा, निरुपद्रवी. फळ्याकडे वळलो, खडू हातात घेतला, आणि हाताने फीतच काढली. इतक्या वर्षांची सवय. आठ खण काढले. तीन बोटं काढली. मागे बघायची हिंमत नव्हती, तरी बघितलं. ताईने आपलं उजवं बोट बाकाच्या कडेवर ठेवलं होतं आणि मी सांगेन तसं ते पुढे सरकवत होती. बाक संपला की बोट उचलायची, हात हवेतून मागे आणायची आणि पुन्हा डावीकडून सुरुवात करायची. चाळीस वर्षांनीसुद्धा तिने ते लाकडावरून मागे ओढलं नाही.

ते वाक्य टाळता येईना. मी म्हटलं, "दोघींची गाठ एकदाच पडते." ताईचं बोट थांबलं.

एका मुलाने विचारलं, "सर, पण यंत्राची कृती फार हुशारीने लिहिली तर? आपल्याला अजून न सुचलेली?"

हा प्रश्न दरवर्षी येतो. मी दरवर्षीसारखं उत्तर दिलं. "कितीही हुशारीने लिहा. गाठी तीन आणि जोड्या चार. एक जोडी सुटणारच. सुटलेल्या जोडीत ठिपका बदलला तर या यंत्राला तो कळणारच नाही."

मागून शिंकरीने हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, दोन बोटं.

"मास्तर, मी विचारू? मला नाही हो कळत तुमचं यंत्रबिंत्र. पण तिघीजणींनी नीट लक्ष देऊन केलं तर?"

वर्ग हसला. आजींना कळलं नाही असं त्यांना वाटलं. शिंकरी हसत नव्हती. त्या दिवशी मालकांच्या खोलीत ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. माझे शब्द तिने जसेच्या तसे जपून ठेवले होते आणि तिला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं. एवढ्या वर्षांत तिने ताईला बोल लावला नव्हता, पण मनात तिच्याही असणार, की चुकली ती आपली मैत्रीण.

मी खडू खाली ठेवला. "नाही," मी म्हणालो. "कितीही लक्ष दिलं तरी नाही." आणि मग मी मुलांना सांगितलं, की ही फीत मी पुस्तकातून घेतलेली नाही. ती मागे बसली आहे ती माझी ताई. मी दरवर्षी म्हणतो ते वाक्य तिचं आहे, तिने ते फरशीवर तीन बटणं ठेवून मला सांगितलं. तिला याच चौथ्या जोडीपायी काम सोडावं लागलं. मी साक्ष द्यायला उभा होतो आणि मी चुकीचं सांगितलं.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे वाजवायला लागले. उभे राहिले. एक मुलगी डोळे पुसत होती. माझे सहकारी माझ्याकडे कौतुकाने बघत होते, केवढा मोठ्या मनाचा माणूस! मी मान खाली घातली, तर त्यांना तो विनय वाटला. इतकी लाज मला मालकांच्या खोलीतही वाटली नव्हती. कारण 'चुकीचं सांगितलं' या शब्दांत मी पुन्हा एकदा लपलो होतो. चूक तर कुणाचीही होते. ताईचीही झाली, असंच सगळे म्हणत आले होते की.

वर्ग रिकामा झाला. शिंकरी नाक पुसत म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं उगाच शिंक दाबली मी," आणि तोंड धुवायला गेली. ताई फळ्यापाशी आली. मी काढलेली फीत तिने जवळून पाहिली, बोट लावलं नाही.

"खण एकसारखे नाही काढलेस," ती म्हणाली. "सहावा बारीक झालाय."

"हो."

"आईला कळायला हवं होतं रे," ती म्हणाली.

मग तिने माझ्या बाहीवरची खडूची पूड झटकली, वरून खाली, एकाच दिशेने. "वाईट नको वाटून घेऊ. पोरसवदा होतास. तुला तरी काय माहीत असणार? शिकल्यावरच कळलं असेल ना हे? विद्यापीठात गेल्यावर? की आत्ता आत्ता?"

तिने मला वाट करून दिली होती. लवेच्या दिशेची, मऊ वाट. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर आम्ही तिघं खाली उतरून चहा प्यायला गेलो असतो, आणि तिने मला माफ केलं असतं. जे मी केलं नव्हतं त्याबद्दल. बाहेर नळ वाहत होता. तो बंद झाला की शिंकरी येणार होती. ताईची नि माझी अशी गाठ पुन्हा कधी पडणार होती?

"नाही ताई," मी म्हणालो. "नाडी पसरलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी ती बटणं घेऊन बसलो होतो, पाणी उकळून अर्धं होईपर्यंत. मालकांसमोर आलो तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की तुझंच खरं आहे. मी चुकलो नव्हतो, ताई. मी खोटं बोललो."